कॅलिबरचा तक्ता: पेंटबॉल, एअरगन आणि काडतुसाच्या बंदुका (प्रकल्प नोंदी)

४ नोव्हेंबर

आजपासून तक्त्याचं काम हातात घेतलं. रेंजवर पेंटबॉलवाले, एअर रायफलवाले आणि काडतुसाच्या बंदुका घेऊन येणारे असे तिन्ही प्रकारचे लोक असतात आणि नवीन माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला, माझ्या बंदुकीला कुठली गोळी चालेल. उत्तर प्रत्येकजण वेगळं देतो, कोणी इंचात बोलतो कोणी मिमीमध्ये कोणी बोअरमध्ये, आणि समोरचा नुसता मान हलवून निघून जातो. म्हणून भिंतीवर एक मोठा तक्ता लावायचा आणि खाली लाकडी पट्टीवर प्रत्येक गोळीचा नमुना चिकटवायचा असं ठरलं. काडतुसांचे नमुने फक्त डमी, म्हणजे आत दारू नाही, प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) नाही, आणि पुंगळीला (काडतुसाच्या धातूच्या कवचाला) आडवं भोक पाडलेलं, म्हणजे लांबूनच कळतं की हे जिवंत नाही.

कच्चा आराखडा रेंजवरच्या सरांना दाखवला. पहिल्या कॉलमला मी "कॅलिबर", म्हणजे गोळीचं किंवा नळीचं माप, असं लिहिलं होतं. सर म्हणाले, "अरे, पहिला कॉलम कॅलिबरचा नको, नळीवर काय कोरलंय त्याचा ठेव. माणूस बंदूक हातात घेऊन उभा असतो, त्याला दिसतं तिथून सुरू कर." एकदम पटलं. आधी नळी बघायची मग गोळी शोधायची, उलटं नाही. सगळा तक्ता आता ह्याच क्रमाने जाणार.

६ नोव्हेंबर

सुरुवात पेंटबॉलने, म्हणजे रंग भरलेल्या जिलेटिनच्या गोळ्यांनी. इथे नेहमीचं कॅलिबर .६८, म्हणजे ०.६८ इंच, मिमीमध्ये १७.२७. वजन साधारण ३ ग्रॅम. कमी मार लागावा म्हणून लहान मुलांच्या खेळात .५० कॅलिबर वापरतात आणि ट्रेनिंगच्या पिस्तुलांमध्ये .४३ पण असतं, पण मैदानावर राज्य .६८ चंच.

व्हर्नियर घेऊन वेगवेगळ्या पिशव्यांमधले बॉल मोजले. बॉल फिरवत फिरवत मोजायचा कारण त्याला मधोमध शिवण असते, जिलेटिनचे दोन अर्धे तिथे जोडलेले असतात, त्यामुळे शिवणीवर एक माप येतं आणि शिवणीला आडवं धरलं की दुसरं. एका पिशवीतले १७.२ च्या आसपास निघाले आणि दुसऱ्या पिशवीतले १७.५ ला टेकले, दोन्ही पिशव्यांवर छापलेलं मात्र .६८ च. जी पिशवी दमट कोपऱ्यात उघडी राहिली होती तिच्यातले बॉल फुगून मऊ झाले होते आणि बोटाने दाबले तर खळगा तसाच राहत होता. जिलेटिन हवेतलं पाणी ओढतं म्हणून हे होतं. उलट कडक थंडीत तेच कवच ठिसूळ होतं आणि बॉल नळीतच फुटतो. म्हणून तक्त्यावर ह्या ओळीत साठवणीची सूचना पण टाकतोय: बंद पिशवी, खोलीचं साधं तापमान, अधूनमधून पिशवी उलटी करून ठेवायची म्हणजे बॉल एका बाजूने चपटे होत नाहीत.

आत जे असतं तो तेलाचा रंग नव्हे, मुख्यतः पॉलिइथिलिन ग्लायकॉल आणि खाण्यातला रंग असतो, पाण्याने धुतलं की जातो. सुरुवातीचे मार्कर (पेंटबॉल मारायच्या बंदुका) मात्र खेळासाठी नव्हतेच, झाडांवर आणि गुरांवर लांबून खूण करायला होते. नेल्सन पेंट कंपनीचा नेलस्पॉट ००७ हा त्यातलाच, आणि २७ जून १९८१ ला अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकरला पहिला खेळ झाला तो ह्याच मार्करवर. तेव्हाच्या बॉलमधले तेलाचे रंग टर्पेंटाइनशिवाय निघायचे नाहीत. हा भाग तक्त्यात बसणार नाही, पण कोणी विचारलं तर सांगायला मला आवडेल.

९ नोव्हेंबर

पेंटबॉलचं खरं काम आज झालं, बॉल आणि नळीचा मेळ. नळी मार्करवरून काढायची, पूर्ण मोकळी करायची आणि मागच्या बाजूने बॉल टाकायचा. स्वतःच गडगडत पुढून बाहेर पडला तर नळी मोठी आहे, हवा बाजूने निसटणार आणि प्रत्येक शॉटचा वेग वेगळा येणार. अडकला आणि फुंकूनही हलला नाही तर नळी लहान आहे, बॉल आतच फुटणार. जागेवर थांबला आणि हलक्या फुंकरीने सरळ बाहेर गेला की मेळ जमला. ह्याच कारणासाठी बदलत्या आतल्या मापांचे नळीसंच मिळतात, साधारण .६८० ते .६९५ च्या दरम्यानचे.

क्रोनोवर, म्हणजे वेग मोजायच्या यंत्रावर पण लावून बघितलं. जमलेल्या नळीत वेगाचे आकडे एकमेकांजवळ राहतात आणि सैल नळीत वरखाली नाचतात. वेगाची वरची मर्यादा बहुतेक ठिकाणी ३०० फूट प्रति सेकंद, म्हणजे ९१ मीटर, आणि बरीच मैदानं त्याच्याही खाली २८० ला लावायला सांगतात. बॉल बदलला की वेग बदलतो म्हणून नवीन पिशवी उघडली की परत क्रोनो, हे लाल अक्षरात जाणार. मास्कपण लाल अक्षरात, पेंटबॉलसाठीच बनवलेला, एएसटीएम एफ १७७६ ह्या अमेरिकन मानकाचा, कारखान्यातले चष्मे किंवा पोहण्याचे गॉगल चालणार नाहीत. बॉल गोठवून मारण्याच्या गप्पा ज्यांना सुचतात त्यांनी मैदानावर येऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

१३ नोव्हेंबर

एअरगन. इथे कॅलिबरं मोजकी आणि सरळ आहेत: .१७७ म्हणजे ४.५ मिमी, .२० म्हणजे ५, .२२ म्हणजे ५.५, .२५ म्हणजे ६.३५, आणि मोठ्या पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेच्या टाकीवर चालणाऱ्या) बंदुकांमध्ये .३० म्हणजे ७.६२. ऑलिंपिकची १० मीटर एअर रायफल आणि एअर पिस्तूल दोन्ही ४.५ मिमीवरच.

दोन गोष्टी ठळक करायच्या आहेत. पहिली, .२२ एअरगन आणि .२२ एलआर (लाँग रायफल) रायफल ह्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एक नुसता शिशाचा छर्रा (पेलेट) आहे, ५.५ मिमीचा, हवेने ढकलला जाणारा, दुसरं दारू भरलेलं पूर्ण काडतूस आहे जे १८८७ पासून वापरात आहे. आकडा सारखा म्हणून नवीन लोक दोन्हींचे डबे एकाच कपाटात ठेवतात, आमच्याकडे आता कपाटं वेगळी केली.

दुसरी गोष्ट बीबी, म्हणजे स्टीलच्या बारीक गोल गोळ्या. त्यांच्या डब्यावर पण ४.५ मिमी लिहिलेलं असतं पण माप घेतलं तर ४.३ ते ४.४ च्या मधे येतं. त्या गुळगुळीत नळीसाठी आहेत. रायफलच्या नळीत आतून पीळदार खाचा कोरलेल्या असतात, शिसं मऊ असल्यामुळे त्या खाचांमध्ये बसतं आणि फिरत बाहेर येतं, स्टील बसत नाही, ते खाचा खरवडत जातं. शिवाय स्टील कडक पृष्ठभागावरून उलटं परत येतं, शिसं चपटं होऊन बराचसा जोर तिथेच सोडतं. चष्मा दोन्हीला लागतोच पण बीबीला चष्म्याशिवाय उभंच राहू द्यायचं नाही. एअरसॉफ्टच्या ६ मिमीच्या प्लॅस्टिक गोळ्या हा अजून तिसराच प्रकार, त्यांना खाली छोटी ओळ देतो.

१५ नोव्हेंबर

आजचा दिवस पेलेटचा, मला सगळ्यात आवडणारा भाग. पेलेटचा आकार डमरूसारखा, पुढे डोकं, मधे कंबर, मागे पोकळ घेर. हवेचा दाब मागच्या पोकळ भागात शिरतो, घेर पसरून नळीला चिकटतो आणि हवा निसटत नाही. डोकं फक्त खाचांना टेकून सरळ चालायचं काम करतं, म्हणून डोक्याच्या मापाला इतकं महत्त्व. टिनवर ४.४९, ४.५०, ४.५१, ४.५२ असं बारीक लिहिलेलं असतं ते ह्याच्यासाठी.

एकच रायफल बेंचवर टेकवली, एकच नेमबाज, आणि वेगवेगळ्या टिनमधले पेलेट कागदावर. सपाट डोक्याचे १० मीटरला नंबर एक, कागदात गोल स्वच्छ भोक पडतं, गुण मोजायला सोपं जातं म्हणून स्पर्धेत तेच वापरतात. रायफलच्या टार्गेटवर १० चा ठिपका अर्ध्या मिमीचा असतो, तिथे भोकाची कड फाटकी असून चालत नाही. अंतर वाढवलं की सपाटवाले भरकटायला लागतात आणि गोल डोक्याचे पुढे जातात कारण हवा त्यांना कमी अडवते. टोकदारवाले दिसायला जबरदस्त पण ह्या नळीत त्यांचा ग्रुप (कागदावरच्या भोकांचा घोळका) दोन्हींपेक्षा पसरट आला. टोक जरासं जरी वाकडं असलं, आणि डब्यात एकमेकांवर आपटून ते होतंच, की पेलेट डळमळतो.

सगळ्यात बोलकं म्हणजे एकाच कंपनीचा, एकाच वजनाचा सपाट पेलेट, फक्त डोक्याचं माप ४.५० आणि ४.५२, आणि कागदावर फरक डोळ्यांनी दिसला. शेजारच्या रायफलमध्ये हेच उलटं आलं. म्हणजे "सगळ्यात चांगला पेलेट कुठला" ह्या प्रश्नाला नळीशिवाय अर्थच नाही, तीन चार वेगवेगळे टिन आणायचे आणि आपल्या नळीला विचारायचं. तक्त्यात ब्रँडचा कॉलम होता तो काढून टाकला आणि तिथे "आपल्या नळीत तपासा" असं लिहून रिकामा चौकोन ठेवला, ज्याने त्याने स्वतःचं भरायचं.

वजनाबद्दल. .१७७ ला साधारण ७ ते १० ग्रेन, .२२ ला १४ ते १८, एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम. स्प्रिंगच्या बंदुकीत मधल्या वजनाचे घ्यावेत, फार जड घातला तर पिस्टन उसळी मारतो, फार हलका घातला तर पुढे अडवणूक कमी पडते आणि पिस्टन जोरात आपटतो. पेलेट न घालता चाप ओढणं तर स्प्रिंगवाल्याला सगळ्यात वाईट. जड पेलेट पीसीपीला मानवतात. शिसं हाताळल्यावर हात धुणे, आणि पेलेट तोंडात धरायची सवय असेल तर ती आजच सोडणे, हे पण लिहिलं.

१६ नोव्हेंबर

छोटी नोंद. सीओटूवाली (कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणारी) पिस्तुलं सकाळी थंडीत मंद आणि दुपारी चपळ निघाली, अपेक्षेप्रमाणे, कारण २० अंशाला सिलिंडरमधला दाब ५७ बारच्या आसपास असतो आणि थंडी वाढली की खाली जातो. पटापट शॉट मारले तरी वायू स्वतःच थंड होतो. म्हणून सीओटूत पेलेटची तुलना करायची तर शॉटमध्ये अंतर सोडून आणि एकाच वेळी करायची, सकाळचा टिन आणि दुपारचा टिन असं नाही.

२१ नोव्हेंबर

जोराचा कॉलम भरला. सगळं एकाच मापात आणल्याशिवाय तुलना होत नाही म्हणून जूल घेतले, वस्तुमानाच्या अर्ध्याला वेगाच्या वर्गाने गुणायचं, किलो आणि मीटरमध्ये. एअरसॉफ्टची ०.२० ग्रॅमची गोळी १०० मीटर प्रति सेकंदला बरोबर १ जूल. पेंटबॉल ३ ग्रॅम ९१ मीटरला साडेबारा जूल. ०.५३ ग्रॅमचा पेलेट १६८ मीटरला साडेसात. .२२ एलआरची ४० ग्रेनची गोळी ३३० मीटरला १४० च्या पुढे. ९ मिमीची १२४ ग्रेनची ३५० मीटरला ४९० च्या आसपास.

इथे एकाने लगेच विचारलं की मग पेंटबॉल एअर रायफलपेक्षा जोरदार का. आकड्याने हो, पण तो जोर किती जागेवर पडतो ते बघायला लागतं. पेंटबॉलचा आडवा छेद २३४ चौरस मिमी आणि पेलेटचा १६, शिवाय बॉल फुटून पसरतो आणि पेलेट फुटत नाही. एका चौरस मिमीवर हिशोब केला तर पेलेट जवळपास नऊ पट भारी पडतो. पेंटबॉलने वळ उठतो, पेलेट कातडीतून आत जातो. ह्या आकड्यासाठी वेगळा कॉलम केला, जागा कमी होती तरी केला, कारण एअरगन म्हणजे खेळणं असं समजून घरात उघड्यावर ठेवणारे लोक मी खूप बघतो आणि मला त्याची खरंच काळजी वाटते.

२५ नोव्हेंबर

काडतुसाच्या बंदुका. सरांनी डमींचा डबा दिला आणि बाजूला बसले.

एअरगनमध्ये आकडा बराचसा माप असतो, इथे तो नुसतं नाव असतो, हे एकदा डोक्यात बसलं की गोंधळ कमी होतो. .३८ स्पेशलची गोळी मोजली तर .३५७ इंच, ९.०७ मिमी. .३८ हे पुंगळीच्या बाहेरच्या मापाजवळचं आहे, जुन्या काळी गोळी आणि पुंगळी बाहेरून सारख्या मापाच्या असायच्या तेव्हाचं नाव पुढे तसंच राहिलं. .४४ मॅग्नमची गोळी .४२९. .३०३ ब्रिटिशमध्ये .३०३ हे खाचा कोरण्याआधीच्या नळीचं माप, गोळी मात्र .३११ ची. काही नावांमध्ये दुसरा आकडा वेगळंच सांगतो, .३०-०६ मधला ०६ म्हणजे १९०६ साल, .४५-७० मधला ७० म्हणजे काळ्या दारूचे ७० ग्रेन, .३०-३० मधला दुसरा ३० पण दारूचेच ग्रेन. मिमीवाली पद्धत त्यामानाने बरी, ९×१९ म्हणजे आधी कॅलिबर मग पुंगळीची लांबी, पण तिथेही ९×१७, ९×१८ आणि ९×१९ ही तीन वेगळी काडतुसं आहेत आणि ९×१८ मकारोव्हची गोळी तर ९.२७ मिमीची, म्हणजे नुसतं "नाईन एमएम" पुरत नाही.

म्हणून ह्या विभागात प्रत्येक काडतुसाचं पूर्ण नाव, जसं नळीवर आणि पुंगळीच्या बुडावर कोरलेलं असतं तसं. सामी ही अमेरिकन संस्था १९२६ ची आणि सीआयपी ही आंतरराष्ट्रीय संस्था १९१४ ची, काडतुसांची मापं आणि दाब ह्याच दोघी ठरवतात, आणि तक्त्यात नावं त्यांच्याच पद्धतीने ठेवली.

२६ नोव्हेंबर

"जोड्या जपून" असा वेगळा भाग केला, पिवळ्या पट्टीवर. पेलेट चुकला तर ग्रुप बिघडतो. काडतूस चुकलं तर हात जातो. पीसीपीची टाकी २०० बारला भरतात, ९×१९ च्या चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत) सीआयपीची मर्यादाच २३५० बार आहे.

.३५७ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल चालतं. उलटं चालत नाही, मॅग्नमची पुंगळी मुद्दाम साडेतीन मिमीच्या आसपास लांब ठेवली आहे म्हणजे .३८ च्या चेंबरमध्ये ती पूर्ण बसूच नये. ५.५६×४५ च्या चेंबरमध्ये .२२३ रेमिंग्टन चालतं, उलटं करू नये, बाहेरून दोन्ही सारखी दिसतात पण .२२३ च्या चेंबरच्या पुढचा मोकळा भाग कमी असल्यामुळे दाब वाढतो. .२२ एलआर .२२ मॅग्नमच्या रायफलमध्ये घालू नये, मॅग्नमची पुंगळी जाड आहे, एलआर तिथे सैल बसते आणि फाटते. आणि सगळ्यात घातक .३०० ब्लॅकआउट, ते .२२३ च्याच मॅगझिनमध्ये भरलं जातं, कधीकधी .२२३ च्या चेंबरमध्ये बसतं सुद्धा, मग ७.८ मिमीची गोळी ५.७ च्या नळीत ढकलली जाते आणि रायफल फुटते. ह्या दोन्ही रायफली ज्याच्याकडे असतील त्याने मॅगझिनना वेगळ्या रंगाच्या पट्ट्या लावाव्यात आणि एका वेळी एकच रायफल रेंजवर आणावी.

गोळीच्या प्रकाराबद्दल फार लिहीत नाही. कागदाच्या टार्गेटला पूर्ण तांब्याच्या आवरणाची किंवा साधी शिशाची पुरते, महागडी पोकळ टोकाची सरावाला नको. रायफलमध्ये वजन निवडताना खाचांचा पीळ बघायचा, .२२३ मध्ये १२ इंचात एक फेरा असलेली नळी ५५ ग्रेन छान सांभाळते पण ७७ ग्रेनच्या लांब गोळीला ७ किंवा ८ इंचाचा पीळ लागतो, नाहीतर गोळी कागदात आडवी शिरते.

३० नोव्हेंबर

बोअर. १२ बोअर म्हणजे नळीच्या मापाचे शिशाचे १२ गोळे मिळून एक पौंड, म्हणून आकडा लहान तर नळी मोठी. स्वतः हिशोब करून बघितला: ४५३.६ ग्रॅम भागिले १२ म्हणजे ३७.८ ग्रॅमचा एक गोळा, शिशाची घनता ११.३४, घनफळ ३.३३ घन सेंमी, व्यास १.८५ सेंमी. नळीवर १८.५ कोरलेलं असतं, तंतोतंत जुळलं! २० बोअर १५.६ मिमी येतं. .४१० मात्र बोअर नाहीच, ते इंचातलं कॅलिबर आहे.

पिवळ्या पट्टीवर इथून एक ओळ गेली, सगळ्यात मोठ्या अक्षरात. २० बोअरचं काडतूस १२ बोअरच्या नळीत टाकलं तर ते चेंबरमधून पुढे सरकतं आणि नळीत अडकतं, मागून नळी रिकामी वाटते, वरून कोणी १२ चं भरलं की नळी फुटते. २० बोअरची काडतुसं पिवळ्या रंगात बनवतात ती ह्याच्यासाठी. खिशात दोन बोअर कधीच एकत्र ठेवायचे नाहीत. चेंबरची लांबी पण बघायची, ७० मिमीच्या चेंबरला ७६ मिमीचं काडतूस नको, बसल्यासारखं वाटतं पण फुटताना पुढची घडी उलगडायला जागा उरत नाही. जुन्या नळ्यांमध्ये स्टीलचे छर्रे नकोत.

छर्र्यांच्या नंबरचं गणित पण टाकलं, १७ मधून नंबर वजा करा, तेवढे शतांश इंच. साडेसात नंबर म्हणजे ०.०९५ इंच, २.४ मिमी, मातीच्या उडत्या तबकड्यांना हा बराच वापरतात. ही अमेरिकन पद्धत आहे, इतर देशांत नंबर सरकतात, म्हणून शेजारी मिमी दिलेच.

४ डिसेंबर

तक्ता लावला, पेंटबॉलच्या खिडकीपासून काडतुसांच्या कपाटापर्यंत जाणाऱ्या भिंतीवर. कॉलम असे राहिले: नळीवर काय कोरलंय, पूर्ण नाव, खरं माप मिमीमध्ये, वजन, जूल, चौरस मिमीचा जोर, काय चालेल, काय अजिबात नाही. संध्याकाळी एकजण जुनी एअर रायफल घेऊन आला, नळीवरचा ५.५ वाचला, बोट सरकवत ओळीवर गेला, आणि हातातला बीबीचा डबा खिडकीवर परत ठेवून सरळ पेलेटच्या टिनांकडे वळला. सरांनी फक्त माझ्याकडे बघितलं.

उरलेलं काम: .३०० ब्लॅकआउट आणि .२२३ ची डमी शेजारी शेजारी लावायची आहे, .४१० चा नमुना अजून आलेला नाही, आणि ज्या नळ्यांवर काहीच वाचता येत नाही किंवा कोरलेलं खोडलंय त्यांच्यासाठी शेवटची ओळ सरांनी सांगितली तशी लिहायची आहे, काही भरू नका, बंदूक मोकळी करून बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून चेंबरचं माप घ्या.